तो प्रत्येक वेळी उत्तीर्ण झाला

आमच्या मुलाने बारा वर्षे पोटासाठी बर्फावरची हॉकी खेळली. हे वाक्य मी मराठी माणसांपुढे फार थोड्या वेळा उच्चारले आहे. ऐकणारा आधी विचारतो की हॉकी म्हणजे आपली मैदानातलीच ना. मग बर्फ समजावून सांगावा लागतो, बुटांखालची पाती सांगावी लागतात, कडेची काचेची भिंत सांगावी लागते, आणि एवढे सांगून झाल्यावर त्याचे खरे काम काय होते हे सांगण्याचे धैर्य माझ्यात उरत नाही. त्याचे काम मारामारी करण्याचे होते. संघातल्या एखाद्या कुशल खेळाडूला प्रतिपक्षातला कोणी आडदांडपणे धडकला, तर त्या धडकणाऱ्यापुढे जाऊन हातमोजे खाली टाकायचे आणि उघड्या मुठींनी लढायचे, यासाठी त्याला संघात ठेवलेले असे.

मी कृष्णाकाठच्या एका गावी, वयाच्या आठव्या वर्षी पाठशाळेत गेलो. गुरुजी एकदा म्हणत आणि आम्ही दोनदा म्हणायचो. याला संथा म्हणतात. समोर पोथी नसे. पुढे संस्कृत घेऊन एम.ए. झालो आणि एका प्राध्यापकांच्या शिफारशीने अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात जुन्या हस्तलिखितांची सूची करण्याच्या कामावर आलो. दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. पत्नी इथल्या शाळेत गणित शिकवू लागली, मुलगा झाला, आणि हस्तलिखिते काही संपेनात.

मुलाच्या हाती हॉकीची काठी मी दिली नाही, पण ती मी काढूनही घेतली नाही. शेजारचे गृहस्थ दर हिवाळ्यात आपल्या परसात पाणी सोडून ते गोठवीत, आणि गल्लीतली सारी मुले तिथे घसरत. आमचा पाच वर्षांचा मुलगा तिथे असा काही धावू लागला की मी खिडकीत उभा राहून पाहत राहिलो. आमच्या घराण्यात कोणी कधी धावल्याचे मला ठाऊक नव्हते. दोन वर्षांत तो क्लबात दाखल झाला. मोठ्यांना सोयीच्या वेळी मोठे खेळत, त्यामुळे लहानांना सरावासाठी बर्फ मिळे तो पहाटे साडेपाचला. इतर बापांना ही वेळ म्हणजे शिक्षा वाटे. मला ती फार मानवली, कारण माझी स्नानसंध्या तोवर आटोपलेली असे आणि मुलाला गाडीतून नेताना सलग पंचवीस मिनिटे मिळत. त्या पंचवीस मिनिटांत मी त्याला संथा देऊ लागलो.

हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण पुढचे सारे यावर उभे आहे. मंत्र नुसता सरळ पाठ केला तर कालांतराने त्यातला एखादा शब्द गळतो, एखादा जागा सोडतो. म्हणून आमच्याकडे तो क्रमाने म्हणण्याची रीत आहे. पहिला शब्द दुसऱ्याला जोडून म्हणायचा, मग दुसरा तिसऱ्याला, मग तिसरा चौथ्याला. त्याच्या पुढची पायरी म्हणजे जटा: तीच जोडी आधी सुलट, मग उलट, मग पुन्हा सुलट. असे केले की प्रत्येक शब्दाचा हात दोन्ही बाजूंनी धरलेला राहतो आणि एकही शब्द निसटू शकत नाही. अर्थ कळो न कळो, म्हणणारा दमलेला असो वा आजारी असो, शब्द आपले आपण येतात. उजव्या हाताची बोटे स्वराबरोबर खाली, वर, बाजूला जातात, तीही आपोआप.

मुलाला अर्थ फारसा कळत नव्हता. मराठीतही तो निम्मी उत्तरे इंग्रजीत देई. पण त्याची जीभ स्वच्छ होती आणि धारणा विलक्षण. बारा वर्षांचा असताना तो मागच्या सीटवर हेल्मेट मांडीवर घेऊन जटा म्हणत असे आणि मी आरशातून त्याची बोटे पाहत असे. माझ्या गुरुजींना हा मुलगा पाहायला मिळावा असे मला फार वाटे.

बावीस वर्षांचा असताना त्याला एका संघाने करारावर घेतले. सर्वांत वरच्या लीगमध्ये तो मोजकेच सामने खेळला. बाकीची सारी वर्षे खालच्या लीगमध्ये, लहान लहान गावांत, दहा-दहा तासांचे बसचे प्रवास करीत. त्याची उंची आणि खांदे पाहून त्याला मारामारीचे काम मिळाले. हे आम्हांला त्याने सांगितले नाही. आम्ही प्रत्यक्ष पाहिले तेव्हा कळले.

तो एकच सामना आम्ही दोघांनी प्रेक्षागारात बसून पाहिला. मधल्या वर्तुळापाशी मुलगा आणि दुसऱ्या संघातला एक दाढीवाला आमनेसामने आले, काही बोलले, आणि दोघांनी एकदम हातमोजे टाकले. सारे प्रेक्षागार उभे राहिले. माझ्या शेजारची आजीबाई काचेवर मुठी आपटू लागली. पत्नी उठली आणि बाहेर निघून गेली. मी डोळे मिटून मंत्र म्हणत राहिलो आणि गलका ओसरल्यावरच डोळे उघडले. मुलाच्या भुवईतून रक्त येत होते आणि तो हसत होता.

सामन्यानंतर मी त्याला विचारले की तुम्ही लढण्याआधी काय बोललात. तो म्हणाला, "विचारलं त्यानं, लढायचं का. मी म्हटलं, शुअर. विचारल्याशिवाय कोणी मारत नाही, बाबा. आणि खाली पडला की थांबायचं. रूल आहे."

मला याने केवढा दिलासा मिळाला हे आज लिहितानाही लाज वाटते. आव्हान देऊन लढणे, पडलेल्यावर हात न उगारणे, दुसऱ्याच्या रक्षणासाठी उभे राहणे: मी परतीच्या वाटेवर गाडीत पत्नीला हे सारे शास्त्रात कसे बसते ते समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्याच्या भुवईला किती टाके पडले ते मोजलंत का? आधी ते मोजा, मग शास्त्र काढा."

चौथ्या की पाचव्या वर्षी एकदा त्याचा फोन आला. आदल्या दिवशी त्याला डोक्यावर मार बसून थोडा वेळ शुद्ध हरपली होती, पण आवाज उल्हसित होता. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला पुन्हा बर्फावर सोडण्याआधी त्याची स्मरणशक्ती तपासतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. हंगामाच्या सुरुवातीला सर्वांची एक चाचणी घेऊन ठेवतात: काही शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने विचारतात, आकडे सांगून ते उलट म्हणायला लावतात. मार बसल्यावर पुन्हा तशीच चाचणी घेतात. पहिल्याइतके गुण पडले तर खेळू देतात, नाहीतर बसवून ठेवतात.

मुलगा सांगत होता, "टीममधले सगळे सुरुवातीलाच मुद्दाम चुका करतात, बाबा. म्हणजे नंतर कमी पडलं तरी मॅच होतं. मला ते करावंच लागत नाही. तो वर्ड्स सांगतो ना, मी मनात क्रम लावतो. टोपी-लिंबू, लिंबू-शिडी, शिडी-नदी. आणि उलटे आकडे म्हणजे तर जटाच."

मी त्याला दोनदा विचारले की तू खोटे काही सांगितले नाहीस ना. तो म्हणाला, एक शब्द खोटा नाही. माझा ऊर भरून आला. सारा संघ लबाडी करीत असता माझा मुलगा विद्येच्या बळावर सरळ मार्गाने उत्तीर्ण झाला होता. चाचणी घेणारा जेव्हा विचारतो "डोकं दुखतंय का" त्याला तो काय उत्तर देतो, हे विचारण्याचे मला सुचले नाही. त्या रविवारी मराठी मंडळाच्या संस्कारवर्गात मी मुलांना ही गोष्ट सांगितली. म्हणालो, ही विद्या अशी आहे की डोक्यावर घाव पडला तरी ती हलत नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे असे मार किती बसले याची गणती माझ्याजवळ नाही, त्याच्याजवळही नाही. प्रत्येक वेळी तो उत्तीर्ण झाला. एका हिवाळ्यात मात्र सकाळी पूजेच्या वेळी त्याचा फोन आला आणि आवाज वेगळा होता. उजेड सहन होत नाही, जेवण पोटात टिकत नाही, असे तो सांगत होता. प्रशिक्षकाने त्याला म्हटले होते की चाचणी तू पास झाला आहेस, खेळायचे की नाही ते तू ठरव. त्याला ठरवता येत नव्हते. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा. खेळू का?"

देवापुढे समई तेवत होती. मी त्याला विचारले, "परीक्षा उत्तीर्ण झालास ना?"

"हो."

"मग देवाचं नाव घे आणि खेळ. अंगीकारलेलं काम अर्ध्यात टाकू नये."

पत्नीने माझ्या हातून फोन घेतला आणि त्याला म्हटले, घरी ये. पण तो माझे ऐकून बसला होता.

त्यानंतर तो आणखी चार हंगाम खेळला. चौतिसाव्या वर्षी एका उन्हाळ्यात संघाच्या व्यवस्थापकाचा तीन मिनिटांचा फोन आला आणि काम संपले. त्याची बायको त्याआधीच दूर झाली होती; ती भली मुलगी होती, तिने मला फोन करून रडत सांगितले होते की काका, तो रागावतो तेव्हा त्याला मी कोण ते कळत नाही. आम्ही ते नव्या संसारातले भांडण समजलो. मुलगा दोन मोठ्या खेळाच्या पिशव्या घेऊन आमच्याकडे आला आणि तळघरातल्या खोलीत राहू लागला.

सुरुवातीला तो जवळच्या बर्फगृहात लहान मुलांना शिकवायला जाई. मग मुलांची नावे त्याला आठवेनाशी झाली. त्याने प्रत्येकाच्या हेल्मेटवर नावाची पट्टी चिकटवली. मुलांना ती गंमत वाटली. मग तो एकदा शिकवण्याची वेळ चुकला, एकदा वार चुकला, आणि एका आईने तक्रार केली की हा माणूस मुलावर ओरडता ओरडता मध्येच थांबला आणि भिंतीकडे पाहत उभा राहिला. ते काम गेले. त्याने खोलीच्या खिडकीला जाड गोधड्या लावल्या. एकदा दूध आणायला म्हणून गेला तो दुपारी साऱ्या शहराच्या पलीकडून फोन करून विचारू लागला की आपले घर कोणत्या रस्त्यावर आहे. त्याच घरातून तो शाळेत गेला होता.

आम्ही त्याला रुग्णालयात नेले. तिथे डोक्याला मार बसलेल्या खेळाडूंसाठी एक उपचारवर्ग चाले: औषधे, आठवण राहत नसताना दिवस कसा निभवायचा याचा सराव, आणि मन अगदी तळाला गेले तर केव्हाही बोलता येईल असे एक माणूस. जागा थोड्या होत्या. ज्यांची स्मरणशक्ती घटल्याचे तपासणीत दिसेल त्यांनाच प्रवेश होता. डॉक्टरीणबाई वयाने पन्नाशीच्या, मृदू बोलणाऱ्या होत्या. मुलाला एकट्याला प्रश्न विचारले तर तो चिडतो म्हणून त्यांनी मला खोलीतच मागे खुर्चीवर बसू दिले.

त्यांनी शब्द सांगितले. पंधरा शब्द होते. थोड्या वेळाने विचारले तर मुलाने पंधराच्या पंधरा सांगितले. अर्ध्या तासाने पुन्हा विचारले, पुन्हा पंधरा. आकडे उलट सांगितले, एकही चुकला नाही. बाई प्रसन्न झाल्या. मी पाठीमागून त्याच्याकडे पाहत होतो. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटे हलत होती: खाली, वर, बाजूला.

मी साठ वर्षे ज्या गोष्टीला पवित्र मानत आलो ती त्या मांडीवर चाललेली मला दिसली. त्याला पंधरा शब्द आठवत नव्हते. त्याला काहीच आठवत नव्हते. जीभ तेवढी चालत होती, जशी ती त्या गाडीत चालत होती, आणि जशी ती प्रत्येक माराच्या दुसऱ्या दिवशी चालली असेल. ज्या ज्या वेळी त्याला बसवून ठेवायला हवे होते, त्या त्या वेळी माझ्या संथेने त्याला पुन्हा बर्फावर उभे केले होते.

बाईंनी अहवाल वाचून दाखवला. स्मरणशक्ती सामान्य माणसाहून उत्तम. हे बहुधा नैराश्य असावे, त्यासाठी दुसऱ्या विभागात जावे. उपचारवर्गात जागा देता येत नाही. मी त्याच वेळी तोंड उघडायला हवे होते. मी नमस्कार करून बाहेर आलो. का, याचे उत्तर मी देवापुढे बसून पुष्कळदा शोधले आहे. बोललो असतो तर मला मराठीतही न बोललेले एक वाक्य परक्या भाषेत बोलावे लागले असते: याला हे मी शिकवले.

तीन आठवडे मी गप्प राहिलो. पूजेला बसे, पण पहिला मंत्र ओठावर आला की पुढे जाववत नसे. मग एका दुपारी मुलगा तळघरातून वर आला. पत्नी भाजी निवडत होती. त्याने तिच्यापुढे गाडीच्या किल्ल्या, झोपेच्या गोळ्यांची बाटली आणि स्केट्सला धार करण्याचे आपले सामान ठेवले. म्हणाला, "आई, हे कुठेतरी लपव. मला सांगू नको कुठे."

तिने हातातली मेथी खाली ठेवली. सारे समजूनही तिचा आवाज हलला नाही. ती म्हणाली, "सांगितलं तरी तुझ्या कुठं लक्षात राहणार आहे?"

तो हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला. मग तिच्या खांद्यावर डोके ठेवून म्हणाला, "आई, आय ॲम सो टायर्ड. टेस्टमध्ये मी ठीक आहे म्हणे. मग हे काय आहे?"

तो खाली गेल्यावर मी पत्नीला सारे सांगितले. बोटे, क्रम, ते दोन्ही फोन, संस्कारवर्गातल्या टाळ्या. तिने मला मध्ये थांबवले नाही. सांगून संपल्यावर मी तिच्याकडून शब्दांची वाट पाहत राहिलो. चार कठोर शब्द मिळाले असते तर बरे वाटले असते. ती उठून किल्ल्या, बाटली आणि ते सामान पदरात घेऊन आत जाता जाता एवढेच म्हणाली, "माझ्यापुढे काय बसलाय? त्याच्यापुढे जाऊन बोला. आणि उद्याच्या उद्या त्या बाईंना फोन लावा."

मी तळघरात गेलो. अंधारात तो पलंगावर बसला होता. मी जमिनीवर बसलो. संथेला बसताना शिष्य जसा खाली बसतो तसा, हे मला नंतर जाणवले. त्याला म्हटले, तू त्या बाईंपुढे क्रम लावत होतास. तो म्हणाला, "हो, ऑफ कोर्स." मी म्हटले, पुढच्या वेळी लावू नकोस. जे खरोखर आठवेल तेवढेच सांग.

तो म्हणाला, "बाबा, ते बंद नाही होत. शब्द आला की आपोआप सुरू होतं. माझ्यात तेवढं एकच चालतं आता. तेही बंद करू?"

त्याला ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी दिले होते आणि आता मीच ते परत मागत होतो. मी त्याचे पाय धरले. बापाने मुलाचे पाय धरू नयेत. त्यानेही घाबरून ते ओढून घेतले. मी म्हटले, तुला फोनवर 'खेळ' असं सांगितलं ते चुकलं. तो म्हणाला, "कधी सांगितलं?"

त्याला तो फोन आठवत नव्हता. मी ज्या अपराधाची क्षमा मागत होतो तो आता फक्त करणाऱ्याच्या आठवणीत शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. इंग्रजीत आमची ही रीत समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. मध्ये एकदा त्यांच्या विनंतीवरून मी त्यांचेच तीन शब्द घेऊन जटा म्हणून दाखवली. मग त्यांनी विचारले, "तो किती वर्षांपासून असं करतोय?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या जुन्या सगळ्या चाचण्यासुद्धा." मी म्हटले, हो. त्यांनी मला बोल लावला नाही. पुढच्या आठवड्याची वेळ दिली आणि म्हणाल्या, या वेळी शब्द नसतील.

त्या दिवशी टेबलावर चित्रे होती. अनोळखी माणसांचे चेहरे, ज्यांना नाव नाही. वेड्यावाकड्या रेघांच्या आकृत्या, ज्यांना काही म्हणता येत नाही. एका कागदी शहरातला रस्ता, जो बाई एकदा बोटाने चालून दाखवीत आणि मग आपण चालायचा. जिभेला धरायला काहीच नव्हते. मुलाने पहिल्या आकृतीकडे पाहिले आणि त्याची बोटे मांडीवर हलू लागली, मग अडली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. बाईंनी कागद उलटा ठेवून विचारले की कशी होती ती आकृती. तो त्या कोऱ्या पाठीकडे पाहत राहिला.

एवढा मोठा माणूस इतका असहाय मी कधी पाहिला नव्हता. शंभर चेहऱ्यांपुढे मुठी आवळून उभा राहिलेला माझा मुलगा, आत्ताच पाहिलेला एक चेहरा पाच चेहऱ्यांतून निवडू शकत नव्हता. त्याने वळून माझ्याकडे पाहिले. लहानपणी संथेत एखादा शब्द अडला की तो असाच पाही आणि मी तो शब्द पुरवीत असे. माझ्यापाशी पुरवायला काही नव्हते, आणि असते तरी मी ते देणे म्हणजे त्याचा घात झाला असता. मी मान खाली घातली. मनात म्हणत होतो: देवा, याला चुकू दे. पन्नास-साठ वर्षांत मी देवापाशी पुष्कळ मागितले असेल, पण आपल्या लेकराने चुकावे म्हणून हात जोडण्याची वेळ कोणावर येऊ नये.

तो चुकला. रस्ता तीनदा चुकला, चेहरे सारे चुकला, आकृत्यांपैकी एकही काढू शकला नाही. तीन तासांनी बाईंनी त्याचा हात हातात घेऊन सांगितले की तुझ्या मेंदूला खरोखरीची इजा झाली आहे, हा तुझा आळस नाही की भ्रम नाही. झालेले भरून येणार नाही. पण सोमवारपासून तुला इथे जागा आहे. त्यांनी त्याला एक निळी वही दिली आणि म्हणाल्या की महत्त्वाचे काही घडले की याच्यात लगेच लिहायचे, स्वतःच्या हाताने.

गाडीत बसल्यावर त्याने विचारले, "बाबा, पास झालो?"

"नाही," मी म्हणालो. "नापास झालास. त्यांनी जागा दिली आहे."

त्याचे खांदे खाली आले. "म्हणजे हे मी फेक नव्हतो करत," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून रडला. मी गाडी चालवत राहिलो. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला थांबलो तेव्हा तो डोळे पुसून माझ्याकडे वळला. चेहरा पुन्हा धास्तावलेला होता. म्हणाला, "काय म्हणाल्या त्या? पास झालो का?"

मी गाडी एका किराणा दुकानाच्या आवारात घेतली आणि उभी केली. त्याला पुन्हा सांगितले, आणि तो पुन्हा पहिल्यांदा ऐकावे तसा रडला. मग मी निळी वही त्याच्या मांडीवर ठेवली, पेन दिले. त्याने मोठ्या, शाळकरी अक्षरांत इंग्रजीत लिहिले की मी टेस्टमध्ये नापास झालो, हे खरे आहे, सोमवारी जायचे आहे. लिहून झाल्यावर तो ते वाचत बसला. त्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता हे दिसत होते.

"बाबा, खाली तुम्ही सही करा," तो म्हणाला. "रिपोर्ट कार्डवर करायचात तशी. नुसतं माझं अक्षर बघून मला वाटेल की मीच काहीतरी लिहिलंय."

मी पेन घेतले. वही स्टिअरिंगवर टेकवली आणि त्याच्या ओळींखाली माझे पूर्ण नाव लिहिले.